वाक्य पुरं होईपर्यंत

३ मे

प्रिय ताई,

ठकी सुखरूप पोचली हे सांगायला तू फोन केलास आणि मी तुला पुढे एक शब्द बोलू दिला नाही, म्हणून वैतागून ठेवून दिलास ना? "काय सांगायचं ते पत्रात लिही, पत्रात मला मध्येच तोडता येत नाही," म्हणालीस. बरं बाई, लिहिते. तसंही फोनवर ठकीबद्दल बोलायची सोय नाही. कारटी कान टवकारूनच बसलेली असते.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय, आमचे हे दौऱ्यावर, आणि मी दिवसभर बस डेपोत चौकशीच्या खिडकीत. मग पोर तुझ्याशिवाय कुणाच्या गळ्यात घालणार? आता तिच्या आवडीनिवडी ऐक. दुधाची तिला किळस आहे, आग्रह करू नकोस. पाण्याला घाबरते, पोहण्याच्या तलावाचं नावसुद्धा काढू नकोस. मोठी होऊन तिला बाई व्हायचंय, शाळेतली. बाकी गुणाची आहे.

शाळेवरून आठवलं. तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण मुद्दाम लक्ष देत नाही. हाक मारली तर भिंतीकडे बघत बसते, हा उद्धटपणा झाला. सुट्टी संपली की तिची पुन्हा परीक्षा घेणार आहेत, आणि नाही जमली तर ठकी त्याच वर्गात बसणार. मैत्रिणी पुढे आणि ही मागे! हे ऐकल्यापासून पोरीनं उशी भिजवली गं. माझ्या जिवाला घोर लागलाय. तेव्हा तू तिचा रोज अभ्यास घे आणि जरा शिस्त लाव. तुझ्या हाताखाली मोडक्या खुर्च्या सरळ होतात, ही तर आठ वर्षांची पोर आहे.

आणि तंद्री म्हणशील तर ती घरचीच. आपले अण्णा नाही का, चहाचा कप हातात धरून थंड करायचे?

आता थांबते, नाहीतर पाकिटात मावणार नाही.

तुझीच,
टकळी


९ मे

प्रिय टकळी,

पत्र पोचलं. वाचायला माझी एक संध्याकाळ गेली, पण मजा आली.

ठकी मजेत आहे. सकाळी माझ्याबरोबर खाली कारखान्यात येते. कारखाना म्हणजे काय, तुला माहीत आहे, एक लांब टेबल, शिलाईचं मशीन आणि पोट फाटलेले सोफे. तिला जुनं कापड उसवायला दिलं की खूश असते. सोफ्याच्या फटीतून काय काय निघतं त्याचं तिनं दुकान मांडलंय. आतापर्यंत बटणं, एक चमचा आणि कुणाची तरी कवळी निघाली. कवळी मी टाकून दिली.

दूध पिते. पहिल्या दिवशी पेला पुढे ठेवला तर म्हणाली, "मावशी, मला दुधाची…" आणि थांबली. मला वाटलं, सांगायला लाजते. मी हातातलं काम करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाली, "…साय नको." साय काढून दिली. गटागटा प्यायली. तेव्हा किळस बिळस काही नाही, गाळणं आण एक.

दुसरी गोष्ट अशी. ती मला खिळे देते. मी हात पुढे केला की तळहातावर एक ठेवायचा. परवा हात पुढे करून बसले तर खिळा येईना. बघते तर खिळा तिच्या बोटांत आणि नजर भलतीकडे. पापण्या जराशा फडफडत होत्या. हाक मारली, ओ नाही. मला वाटलं, चेष्टा करतेय, म्हणून मीही गंमत म्हणून गप्प राहिले. मग एकदम भानावर आली आणि खिळा दिला, जसं काही झालंच नाही. "काय गं, कुठे गेली होतीस?" म्हटलं तर गोंधळली. म्हणाली, "कुठे? इथेच तर आहे."

असं त्यानंतर बऱ्याचदा पाहिलं. स्प्रिंगांवरचा कापूस फुंकून उडवायचं काम तिला फार आवडतं. फुंकून दमली की हमखास होतं. अण्णांची तंद्री हाक मारली की मोडायची. हिची मोडत नाही.

तिकडेही असं होतं का? नीट आठवून लिही.

खाली ठकीला एक ओळ लिहायला जागा सोडते.

ताई

आई मी मजेत आहे. मी कवळी पाहिली. इथे खूप शांत असतं. मावशी कात्रीपेक्षा कमी बोलते. — ठकी


१४ मे

प्रिय ताई,

कवळीवरून इकडे हसून हसून पुरेवाट झाली. सासूबाईंना डॉक्टरांनी हसू नका म्हणून सांगितलंय, डोळ्यावर ताण येतो, तर त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. ऑपरेशन झकास झालं.

अगं, तिकडे असं होतं का म्हणून काय विचारतेस? आमच्या घरी कुणाला थांबायला सवड कुठे आहे! तुला आमचं जेवणाचं टेबल माहीत नाही का? आमच्याकडे एक वाक्य एकट्यानं कुणी पुरं करत नाही. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं उचलायचं, तिसऱ्यानं शेवट करायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या तोडीचं सासर मिळालं, देव नवसाला पावला. सासूबाई तर समोरच्यानं तोंड उघडायच्या आत वाक्य संपवतात. मी स्वतः खिडकीत बसून तेच करते. माणूस "ती सकाळची…" म्हणतो तोवर मी "सव्वासातला सुटते, फलाट तीन" सांगून मोकळी. लोक खूश असतात. ठकी बोलता बोलता अडली की आम्ही पुढचं बोलून टाकतो, आणि ती मान हलवते. अडली तर अडली!

पोर विचार करते, ताई. तुझ्याकडे शुकशुकाट, तिथे कुणीही शून्यात बघत बसेल. आणि राग मानू नकोस, पण मुलं वाढवली नाहीस ना, म्हणून तुला प्रत्येक गोष्ट जगावेगळी वाटते. आठ वर्षांची मुलं अशीच असतात. तू गणिताचं बघ. परीक्षेचा दिवस धावत येतोय.

टकळी


२० मे

प्रिय टकळी,

मुलं वाढवली नाहीत हे खरं आहे. राग आला होता, गेला. आता पुढचं शांतपणे वाच. ठकी धडधाकट आहे, माझ्या समोर बसून बिस्किट खातेय.

मी तिला तलावावर नेलं. तू नको लिहिलं होतंस, तरी नेलं. पोरगी आल्यापासून मागे लागली होती. "तुला तर पाण्याची भीती वाटते ना?" विचारलं, तर मलाच म्हणाली, "कुणाला?" तेव्हा उथळ पाण्यात नेलं. कमरेएवढं पाणी. मी हातभर अंतरावर उभी होते. पाणी उडवत होती, खिदळत होती, धापा टाकत होती. आणि हसता हसता थांबली. तोंड तसंच उघडं. मग पाय सुटले आणि न ओरडता, हात न हलवता पाण्याखाली गेली.

मी तिथल्या तिथे उचलली. नाकात थोडं पाणी गेलं, ठसका लागला, बास. पण मला म्हणते, "मावशी, तू मला का ओढलंस?" तिला काहीही कळलं नव्हतं. आपण पाण्याखाली होतो हेच तिला ठाऊक नाही! त्यानंतर दिवसभर मला मशीनवर बसता आलं नाही.

हा विचार नव्हे गं. विचार करणारं माणूस नाकात पाणी गेलं की वर येतं. पोर तेवढा वेळ तिथे नसतेच. आणि तुमच्याकडे ते कुणाला का दिसलं नाही तेही माझ्या लक्षात आलं, तुझ्याच पत्रावरून. ती थांबते आणि तुम्ही तिचं वाक्य पुरं करता. ती परत येते तेव्हा वाक्य संपलेलं असतं, मग बिचारी मान हलवते. "मला दुधाची" म्हणाली, कुणीतरी "किळस येते" म्हणालं, झालं. भोक पडलं रे पडलं की तुम्ही सगळे मिळून रफू करता. इतकं सफाईदार की भोक होतं हेच कळू नये.

तिला मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. तू हो म्हण, मी उद्या नेते.

ताई


२४ मे

ताई,

तुझ्यावर विश्वास टाकून पोर पाठवली होती. पाण्यात नेऊ नकोस म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. तिला काही झालं असतं तर?

माझ्या मुलीला काहीही झालेलं नाही. आमच्या बोलण्यामुळे ती आजारी आहे असं जर तुला म्हणायचं असेल, तर कृपा करून म्हणू नकोस.

रविवारी येऊन तिला घेऊन जाते.


३१ मे

ताई,

रविवारी तुझ्या दारात उभी राहिले, चहासुद्धा घेतला नाही, आणि पोरीचा हात धरून निघून आले. तू ठकीच्या पिशवीत गाळणं ठेवलंस फक्त. त्या गाळण्याचा मला सगळ्या रस्त्यात राग येत होता.

बसमध्ये मी ठरवलं की तुला खोटं पाडायचं. कसं? तर गप्प बसायचं. एक जेवण, फक्त एक, आणि ताईला कळवायचं की बघ, पोर नीट बोलते. रात्री जेवायला बसण्याआधी सासूबाईंना आणि ह्यांना दम दिला, आज ठकी बोलेल तेव्हा कुणीही मध्ये बोलायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग मी काय तोंडात गुळणी धरून बसू?" म्हटलं, धरा.

ठकी कारखान्याबद्दल सांगत होती. "आजी, मावशीनं ना मला एक लाल…" आणि थांबली.

ताई, मी आजवर किती माणसांची वाक्यं पुरी केली असतील त्याची गणती नाही. पण ह्या एका वाक्यासमोर गप्प बसणं किती अवघड असतं ते मला कळलं. तिच्या पापण्या हलत होत्या. ती माझ्याकडे बघत होती आणि मला बघत नव्हती. सासूबाईंचा घास हातातच राहिला. ह्यांनी हळूच हाक मारली, ठकीनं ओ दिली नाही. मग ती परत आली आणि म्हणाली, "…मखमल दिली, बाहुलीच्या खुर्चीला." आणि भाकरीचा तुकडा मोडला. सासूबाई उठून आत गेल्या. डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, पण कोण ऐकतंय.

मी तिला झोपवताना विचारलं, बाळा, तू अशी मध्ये थांबतेस तेव्हा काय होतं? म्हणाली, "मी थांबत नाही. तुम्हीच सगळे एकदम पुढे जाता." रोज तिला असं वाटत होतं गं! आपण चालतोय आणि जग उडी मारून पुढे जातंय. आणि मी तिला सांगत होते, लक्ष दे.

चुकले. तुझ्यावर उगाच राग काढला. परवाची वेळ घेतलीय डॉक्टरांची. मला भीती वाटतेय, ताई.

टकळी


४ जून

प्रिय टकळी,

रविवारी चहा फुकट गेला, तो माझा मीच दोनदा प्यायले. बाकी काही मनात नाही. पाण्याच्या बाबतीत तुझा राग बरोबरच होता. मी नको होतं न्यायला.

तुमच्या बोलण्यामुळे तिला काही झालं असं मी कधीच म्हटलं नाही. तुमच्या बोलण्यामुळे ते दिसलं नाही एवढंच. ह्या दोन्हींत फरक आहे. फळीला भेग आधीपासून असते, कापडामुळे पडत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. मखमलीचा उरलेला तुकडा पाठवतेय, बाहुलीच्या दुसऱ्या खुर्चीला.

ताई


९ जून

प्रिय ताई,

बस, पाणी पी, मग वाच. सगळं बरं आहे.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून कागदाचं भिरभिरं काढलं. ठकीला म्हणाल्या, हे फुंकून फिरवत राहा, थांबायचं नाही. ठकी फुंकत राहिली, फुंकत राहिली, आणि भिरभिरं थांबलं. डोळे तसेच. मला एकदम तुझा स्प्रिंगांवरचा कापूस आठवला. बाईंनी तेवढ्यात हळूच "गुलाब" म्हटलं. ठकी परत आल्यावर विचारलं, मी आत्ता काय म्हणाले? तिला सांगता येईना. मग डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. त्याचा डिंक केसातून निघता निघत नव्हता, सासूबाईंनी तेल लावून काढला.

ही एक प्रकारची फीटच आहे म्हणे. फीट म्हटल्यावर मी खुर्ची घट्ट धरली. आपल्याला वाटतं फीट म्हणजे माणूस पडतो, हातपाय झाडतो. हिच्यात तसं काही होत नाही. मेंदूतल्या विजेचा क्षणभर गोंधळ उडतो आणि तेवढा वेळ मूल तिथे नसतं. ना ऐकू येत, ना आठवत. दिवसातून कितीतरी वेळा. म्हणजे वर्गात बाईंनी सांगितलेलं निम्मं हिला ऐकूच गेलेलं नाही, आणि हुशार म्हणून उरलेल्या निम्म्यावर अंदाजानं चालवत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी मुलं मान हलवायला शिकतात, हो ला हो म्हणायला शिकतात, कारण मध्ये काय झालं ते विचारायची त्यांना लाज वाटते. आपण त्याला स्वभाव म्हणतो. मी म्हटलं, आम्ही गुणाची म्हणायचो.

तुझं म्हणणं मी त्यांना विचारून घेतलं. आमच्या बडबडीनं झालं का? हसल्या. म्हणाल्या, "छे हो! घरात कितीही बोलून हे होत नाही." ताई, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. औषध सुरू केलंय, बहुतेक मुलांचं चांगलं आवरतं, आणि मोठी होता होता बऱ्याच जणांचं आपोआप जातंही. पाण्यात मात्र एकटीनं जायचं नाही, कुणीतरी हातभर अंतरावर हवंच. तू होतीस तेवढ्याच अंतरावर. तेव्हा मी तुला किती बोलले!

आता शाळा. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलीय. उद्या वर्गाच्या बाईंना भेटते.

टकळी


१४ जुलै

प्रिय ताई,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. मी बोलायला शिकत होते, म्हणजे न बोलायला. तुला हसू येईल, पण घाम निघतो गं. खिडकीतसुद्धा सवय करतेय. परवा एक आजोबा आले, म्हणाले, "ती सकाळची…" आणि मी सव्वासात तोंडातच धरून बसले. तर म्हणाले, "…सकाळची वेळ बरी असते, तेव्हा गर्दी नसते. परतीची बस कधी आहे?" म्हणजे इतकी वर्षं मी किती लोकांना भलत्याच बसमध्ये बसवलं असेल देव जाणे!

शाळेचं सांगायचं राहिलं. वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी वाचली. मग ठकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "मी तुला उगाच रागावले गं." भल्या आहेत. परीक्षा झाली, पण बाईंनी ती शेजारी बसून घेतली, प्रश्न पुन्हा पुन्हा वाचून. ताई, पोर पास झाली! मैत्रिणींबरोबर वरच्या वर्गात गेली. पहिल्या बाकावर बसते. शेजारची मुलगी तिला हाक ऐकू गेली नाही तर बोटानं वहीत कुठे आहोत ते दाखवते. आता तशी वेळही फारशी येत नाही. औषध लागू पडलंय. गेल्या पंधरवड्यात घरात कुणाला काही दिसलं नाही.

आणि बाईबिई व्हायचं नाहीय तिला. कधीच नव्हतं. ते सासूबाईंनी पुरं केलेलं वाक्य होतं. सोफे फाडायचेत म्हणे.

पण जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच आहे. ऐक.

काल जेवताना मी नेहमीसारखी सुरू होते. डेपोतल्या गमती, कोण काय बोललं, कुणाची छत्री हरवली. ठकी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, तुझं हे सारखं बोलणं मला…"

आणि थांबली.

आम्ही तिघेही दगड झालो. हे ठकीकडे, सासूबाई ठकीकडे, चमचा अर्ध्यावर. मी मनात म्हणतेय, परत आलं का गं हे? आणि दुसरं मन म्हणतंय, काय सांगणार आहे ही? ह्यांच्या ओठावर शेवट आलेला मला दिसत होता, मी टेबलाखालून लाथ मारली. माझ्याही ओठावर आलाच होता. नको वाटतं, सहन होत नाही, डोकं उठतं. आपली आई आपलं कधी ऐकतच नव्हती हे कळल्यावर पोर दुसरं काय म्हणणार? पण मी तोंड मिटून बसले. हे वाक्य तिचं होतं, जे यायचं असेल ते येऊ दे म्हटलं.

ठकीनं सावकाश घास गिळला.

"…आवडतं," म्हणाली. "मावशीकडे मला त्याचीच आठवण यायची. तिथे फार शांत असतं."

मग आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळे असे काय बघताय? मी थांबले नव्हते. विचार करत होते."

सासूबाईंनी ह्याही खेपेला डॉक्टरांचं काही ऐकलं नाही, आणि मीही नाही. मग ठकीनं विचारलं, "आई, छत्रीचं पुढे काय झालं?" म्हणून मी डोळे पुसले आणि पुढचं सांगायला लागले.

पुढच्या सुट्टीत येतोय आम्ही, मी आणि ठकी दोघी. तलावावर जाऊ. साय काढून ठेव, आणि कानात घालायला थोडा कापूसही.

तुझीच,
टकळी